काकूंनी तापवलेला पारा

आमच्या गल्लीच्या तोंडाशी बटणांचं एक दुकान आहे. दुकान कसलं, दोन कपाटांमधली फट. त्या फटीत काकू बसतात, काकूंच्या मागे बटणांच्या बरण्या बसतात आणि काकूंच्या पायाशी एक शेगडी बसते. ही शेगडी बारा महिने पेटलेली. ऐन उन्हाळ्यात गिऱ्हाईक घाम पुसत म्हणतं, "काकू, विझवा हो ती, बटणं वितळतील!" काकू म्हणतात, "वितळली तर तुमच्याच शर्टाला चिकटवून देईन. दोरा वाचेल. काय हवंय ते बोला."

त्या बोलतात तेही असं, की समोर गिऱ्हाईक नसून पलीकडच्या डोंगरावर कुणी उभं आहे. "चार भोकांचं! पांढरं!" ही आरोळी थेट न्हाव्याच्या दुकानात पोचते आणि न्हाव्याचा वस्तरा दचकतो. गल्लीतल्या निम्म्या पुरुषांच्या गालांवरच्या खुणा काकूंच्या नावावर आहेत, असं न्हावी शपथेवर सांगतो.

शेगडी आणि आरोळी, दोन्ही एकाच ठिकाणाहून आल्या. ती हकिकत काकूंनी मला एकदम कधीच सांगितली नाही. थोडी सांगायची, मधेच "हे निळं तुम्हाला शोभणार नाही, उगाच तरुण दिसायला जाल" म्हणून विषय तोडायचा, पुन्हा थोडी सांगायची. तुकडे मी जोडलेत.

काकूंचा नवरा हवामान केंद्राचा प्रमुख होता. केंद्र म्हणजे डोंगरमाथ्यावरचं तीन खोल्यांचं दगडी घर. भोवती जंगल, जंगलापलीकडे खिंड, आणि खिंडीपलीकडे माणसं. केंद्रप्रमुखाच्या हाताखाली सरकारने एकही माणूस दिला नव्हता. पण ज्याला हुकूम सोडायची हौस असते त्याला माणसं कुठं कमी पडतात? बायको होती, थोरली मुलगी होती, धाकटा मुलगा होता. झालं की कार्यालय तयार! मुलांना 'बाबा' म्हणायची बंदी होती. 'साहेब' म्हणायचं. जेवताना साहेबांनी घास घेतल्यावर घास घ्यायचा, आणि साहेबांनी हात धुतला की आपलं पोट भरलं असं समजायचं.

आणि साहेब मारायचे. पट्ट्याने मारायचे, जळणाच्या लाकडाने मारायचे, हाताला जे येईल त्याने. काकूंचा डावा हात अजून कोपरात पुरता सरळ होत नाही. तो मोडला तेव्हा साहेबांनी स्वतः दोन फळ्या बांधून बसवला, आणि पुढे कितीतरी दिवस त्या वाकड्या हाताकडे सुताराच्या कौतुकाने बघत म्हणायचे, "खालच्या डॉक्टरला जमलं नसतं हे!"

तुम्ही म्हणाल, उठायचं आणि चालू लागायचं. काकूंनी ते केलं होतं. एकदा साहेब झोपलेले बघून मुलांना घेऊन निघाल्या. सकाळभर जंगलातून चालल्या. दुपारी मागून शीळ ऐकू आली. साहेब मागून येत होते. धावत नव्हते, ओरडत नव्हते, फिरायला निघाल्यासारखे शीळ घालत सावकाश येत होते. तिघं दमून खाली बसेपर्यंत ते तसेच मागे राहिले. मग जवळ येऊन म्हणाले, "झालं फिरून? चला." काकू कशालाच घाबरत नाहीत असं गल्ली समजते. पण रस्त्यावरून कुणी शीळ घालत गेलं, की बरणीतली बटणं सांडतात.

खालच्या जगाशी संबंध एवढाच, की रोज सकाळी वायरलेसवरून आकडे कळवायचे. वायरलेस कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली साहेबांच्या गळ्यात. खाली जो माणूस आकडे उतरून घ्यायचा त्याला मुलांनी कधी पाहिलं नव्हतं. तो प्रत्येक आकड्याला "पुन्हा सांगा" म्हणायचा, म्हणून मुलांनी त्याचं नाव 'पुन्हासांगाकाका' ठेवलं होतं. त्याच्याशी बोलताना साहेबांच्या आवाजात साखर विरघळायची. "कसं काय, मुलं बरी आहेत ना तुमची? जपा त्यांना." शेजारी उभ्या असलेल्या थोरलीचा कान तेव्हा सुजलेला असायचा.

आकडे घेण्याची पद्धत अशी. घरासमोर चार पायांवर एक पांढरी लाकडी पेटी होती, झडपांची. तिच्यात तापमापक. काकूंनी भल्या सकाळी जाऊन पारा बघायचा आणि तिथूनच खिडकीकडे तोंड करून आकडा ओरडायचा. आत साहेब गोधडीत. चहाचा घोट, मग वायरलेसवर तोच आकडा, आणि वर रोजचं वाक्य, "मी स्वतः दोनदा तपासलंय." स्वतः ते त्या पेटीपर्यंत शेवटचे कधी गेले होते, हे पेटीलाही आठवत नव्हतं.

त्या वर्षी थंडी जवळ आली तशी काकूंची झोप उडाली. बर्फ पडलं की खिंड बंद व्हायची ती थेट वसंतात उघडायची. खिंड बंद झाली की साहेबांना कुणाचाच धाक उरायचा नाही. आदल्या हिवाळ्यात थोरलीचा डावा कान कायमचा गेला होता. या हिवाळ्यातून तिघंही जिवंत बाहेर पडू असं काकूंना वाटत नव्हतं. बर्फाच्या आत इथून निघायला हवं होतं. पायी जमत नव्हतं, म्हणजे गाडी हवी. आणि गाडी वर यायची एकाच कारणासाठी.

हात मोडला तेव्हा खालून कुणी आलं नव्हतं. पण एकदा पाऊस मोजायचं भांडं तडकलं, तर लगेच दुरुस्तीवाला जीप घेऊन हजर! साहेबांनी तेव्हा तिघांना लाकडं गोळा करायला जंगलात पाठवलं आणि जीप जाईपर्यंत परत येऊ दिलं नाही, ती गोष्ट वेगळी. पण काकूंनी धडा घेतला. माणूस मोडला तर कार्यालयाला कळत नाही, भांडं मोडलं तर कळतं.

तापमापक फोडला असता तर साहेबांनी फोडणारीला फोडलं असतं. म्हणून काकूंनी काच तशीच ठेवली आणि आकडा फोडला. रोज पारा थोडा थोडा खाली जात होता. काकू रोज थोडा थोडा वर ओरडू लागल्या.

चार-पाच सकाळींतच खालून आवाज आला, "पुन्हा सांगा."

साहेबांनी सांगितलं.

"नाही, म्हणजे खाली आम्ही कानटोप्या घालून बसलोय, आणि तुमच्याकडे उकाडा?"

"मी स्वतः दोनदा तपासलंय."

"एकदा पुन्हा बघता का?"

इथे साहेब चुकले, आणि ही चूक फक्त साहेबच करू शकत होते. आपल्या शब्दावर कुणी शंका घेतली की त्यांच्या अंगाची आग व्हायची. बायकोने घेतली तर पट्टा होता, पण पट्टा वायरलेसमधून जात नाही. ते गरजले, "डोंगरावर तुम्ही आहात की मी? मी सांगतो तेच तापमान!"

वायरलेस बंद झाल्यावर मात्र त्यांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. "अगं ए. बरोबर वाचतेस ना?"

"अहो, जे दिसतं तेच ओरडते."

"उद्या मी बघतो."

त्या दिवशी काकूंच्या हातून दोनदा भांडं पडलं. दुसऱ्या दिवशी साहेब खरंच उठले. कोट चढवला, बूट घातले, बुटाचे बंद बांधायला धाकट्याला बसवलं. धाकट्याने त्या दिवशी जगातली सगळ्यांत सावकाश गाठ मारली. तेवढ्यात मागच्या दाराने थोरली पळाली. तिच्या मोज्यात शेगडीतला भाजलेला बटाटा होता. साहेब अंगणात आले तेव्हा ती पेटीपाशी अदबीने उभी होती आणि बटाटा तिच्या झग्याच्या आत पोटाला चटके देत होता. तिने तोंडातून 'हूं' काढलं नाही.

साहेबांनी पेटी उघडली. पारा वर! अंगणातल्या बादलीतलं पाणी गोठलेलं, साहेबांच्या नाकाचा शेंडा लाल, तोंडातून वाफा. पण पारा वर. माणसाने अशा वेळी काय करावं? शहाणा असता तर बादलीवर विश्वास ठेवला असता. साहेबांनी स्वतःच्या शब्दावर ठेवला. "म्हटलं नव्हतं?" म्हणाले, आणि कोट काढून थोरलीच्या अंगावर फेकला. "उकडतंय नुसतं!" त्या दिवसापासून केंद्रप्रमुख नुसत्या शर्टात वावरू लागले. दात वाजायचे, ओठ जांभळे, पण कपाळावरचा घाम पुसायचा ते रुबाबात. काकूंना हसू यायचं, आणि आपण हसलो तर काय होईल या विचाराने तिथल्या तिथे मरायचं.

हसू फार टिकलं नाही. दोन दिवसांनी साहेब म्हणाले, "एवढ्या उकाड्यात शेगडी कशाला?"

हे काकूंच्या डोक्यातच आलं नव्हतं. आपलाच आकडा आपल्या घरात थंडी घेऊन शिरेल हे कुणाला सुचणार? दुपारी स्वयंपाकापुरतं जळण मिळायचं, मग साहेब स्वतः पाणी ओतून निखारे विझवायचे. भिंती ओल धरून गार पडल्या. सकाळी बटाटा भाजायची सोय उरली नाही. साहेब कधी पुन्हा तपासायला बाहेर येतील याचा नेम नव्हता, म्हणून थोरली रोज उजाडताना पेटीत हात घालून पारा मुठीत धरून उभी राही आणि वर तोंडाची वाफ सोडी. तिची बोटं फुटली. धाकटा खोकू लागला. पहिल्यांदा कोरडा, मग खोल, मग झोपेतही.

आता आकडा खाली आणला असता तर शेगडी पेटली असती. धाकट्याला ऊब मिळाली असती. पण मग दुरुस्तीवाला आला नसता, आणि पुढे अख्खा हिवाळा होता. काकू रोज सकाळी पेटीपाशी जायच्या, आतून पोराचा खोकला ऐकायच्या, घसा साफ करायच्या आणि खोटा आकडा ओरडायच्या. "मी माझ्या पोराला गारठवत होते हो," एवढं वाक्य सांगताना मात्र काकूंचा आवाज समोरच्या गिऱ्हाइकापुरताच होतो.

खालून वायरलेसवर निरोप आला, यंत्र बिघडलेलं दिसतंय, माणूस पाठवतो. साहेब म्हणाले, "यंत्र ठणठणीत आहे. कुणी यायची गरज नाही," आणि वायरलेस बंद केला. त्यानंतर काहीच घडेना. ढग उतरत उतरत झाडांच्या शेंड्यांना टेकले. धाकट्याला ताप भरला.

आणि एका दुपारी जीपचा आवाज आला.

साहेबांनी नको म्हटलं म्हणूनच खालच्या अधिकाऱ्याला संशय आला होता आणि त्याने न कळवता दुरुस्तीवाला धाडला होता. तिघांना जंगलात पाठवायला साहेबांना वेळच मिळाला नाही. दुरुस्तीवाला म्हणजे कुणी देवदूत नव्हता. गुडघे दुखणारा, नाक गळणारा, जगावर रुसलेला गृहस्थ. जीपमधून उतरताच त्याने पहिलं वाक्य टाकलं, "इथे केंद्र बांधायचं कुठल्या गाढवाला सुचलं?"

"या, या!" साहेब शर्टात सामोरे गेले. "थकला असाल. अगं, पाहुण्यांना पाणी!"

"पाणी नको. गोठलेलं असेल." त्याने नवा तापमापक काढला, पेटीत जुन्याशेजारी टांगला, आणि नाक शिंकरत वाट बघत उभा राहिला. दोन्हींचा पारा एकाच रेघेवर येऊन थांबला. खाली, चांगलाच खाली.

"यंत्र बरोबर आहे," तो म्हणाला. "मग वाचणाऱ्याचे डोळे गेलेत. नियमाप्रमाणे त्याला खाली नेऊन तपासून आणावं लागतं. रोज वाचतं कोण? तुम्ही?"

साहेबांच्या चेहऱ्यावरून काय काय सरकून गेलं. रोजचं 'मी स्वतः' एकीकडे, आणि आपल्या गरुडासारख्या डोळ्यांना आंधळं ठरवलं जाणं दुसरीकडे. शेवटी त्यांनी उसासा सोडला. "ही वाचते. मी बायकोवर विश्वास ठेवला, एवढाच माझा दोष."

"मग वहिनींना न्यावं लागेल."

"न्या की!" साहेब हसले. "मुलं राहतील माझ्याजवळ."

काकूंनी भिंतीला हात लावला. साहेब त्यांच्याकडेच बघत होते, आणि त्यांना सगळं कळलंय की काहीच कळलेलं नाही ते काकूंना उमगेना. तोंडातून शब्द फुटले ते कुणाचे होते देव जाणे. "अहो, मी कुठं वाचते? मी नुसती ओरडते. आकडा थोरली सांगते. आणि सकाळी पेटीत अंधार असतो, म्हणून धाकटा कंदील धरतो."

दुरुस्तीवाल्याने रुमाल नाकापाशी तसाच धरला. त्याने थोरलीची बोटं पाहिली. उघड्या दारातून विझलेली शेगडी पाहिली. गोधडीत खोकणारं पोर पाहिलं, काकूंचा वाकडा हात पाहिला आणि थंडीत शर्टावर उभा असलेला प्रमुख पाहिला. मग पुन्हा नाक शिंकरलं.

"तर मग तिघांचेही तपासायला हवेत."

"कंदील धरणाऱ्याचे डोळे कशाला?"

"त्याला आकडा दिसत नसला तर तो कंदील धरणार कुठे? माझ्या कानावर?" दुरुस्तीवाला वैतागला. "हे बघा साहेब, माझे गुडघे मोडलेत आणि वर बर्फ लोंबतंय. या तिघांना नेतो, नाहीतर तुम्हालाच नेतो आणि केंद्राला कुलूप ठोकतो. तुमच्या डोळ्यांत काही निघालं तर या जागेवर दुसरा प्रमुख येईल. काय ते ठरवा."

साहेबांनी ठरवलं. मग त्यांनी वाकून धाकट्याच्या कोटाची बटणं एकेक करून लावली, अगदी गळ्यापर्यंत, आणि त्याच्या कानात काहीतरी सांगितलं. बघणाऱ्याला वाटावं, किती माया! जीप खिंडीत पोचेपर्यंत धाकट्याची चड्डी ओली झाली होती. काय सांगितलं ते त्याने आईला सांगितलं नाही.

आणि काकू? सुटल्या म्हणून रडल्या असतील? छे. खिंड ओलांडल्यावर त्यांनी दुरुस्तीवाल्याला विचारलं, "डोळे चांगले निघाले तर?"

"तर मी परत आणून सोडायचं. नियमच आहे," तो म्हणाला, आणि पुढे सगळा रस्ता घाटाला शिव्या देत राहिला.

खालच्या दवाखान्यात डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई होत्या. तिघांच्या तपासणीला दुसऱ्या दिवशी सकाळी सुरुवात झाली. थोरलीला आईने रात्रीच पढवलं होतं. भिंतीवरचं सगळ्यांत वरचं अक्षर, जे रस्त्यावरच्या बैलालाही वाचता आलं असतं, त्याच्याकडे बघून ती म्हणाली, "दिसत नाही."

"बरं, ही भिंत तरी दिसते का?"

"कुठली भिंत?" थोरली म्हणाली. पोरगी जरा जास्तच शिकली होती.

मग धाकट्याला बसवलं. आईने त्यालाही तेच पढवलं होतं. पण त्याने पाटीकडे पाहिलं, दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरली आणि वाचायला लागला. पहिली ओळ. दुसरी. खालची, आणखी खालची, खोकत, थरथरत, एकही अक्षर न चुकता. सगळ्यात खालची बारीक ओळ संपली तेव्हा कोपऱ्यात छापखान्याचं नाव होतं, तेही वाचलं. मग आईकडे वळून रडायला लागला. "साहेब म्हणाले, एक जरी अक्षर चुकलास तर मी येईन आणि आधी आईला बघेन."

काकूंनी इतकी वर्षं कुणाला काही सांगितलं नव्हतं. आकडे ओरडून ओरडून घसा बसला होता, पण हे कधी ओरडल्या नव्हत्या. आता त्या म्हणाल्या, "बाई, आमचे तिघांचेही डोळे चांगले आहेत. आम्हाला परत पाठवू नका."

डॉक्टरीणबाईंनी धाकट्याचा कोट काढला, पाठ पाहिली, कोट पुन्हा घातला. थोरलीचा कान पाहिला. मग कपाटातून एक बाटली काढली.

"हे थेंब घातले की दिवसभर सगळं धूसर दिसतं. अशा माणसाला प्रवास करू देत नाही मी. उद्या तपासणी पुरी झाली नाही, तर उद्याही घालावे लागतील."

"आणि परवा?"

"तपासणी नीट व्हायला हवी ना," बाई म्हणाल्या. "बर्फ कधी पडतं तुमच्याकडे?"

तिघं दवाखान्याच्या बाकावर बसली. रोज थेंब, रोज धुकं. रोज सकाळी वर वायरलेस सुरू व्हायचा आणि साखरेचा आवाज विचारायचा, "माझी माणसं कधी पाठवताय?" खालून उत्तर जायचं, तपासणी चालू आहे. एक दिवस आवाजातली साखर संपली, आणि त्यानंतरच्या दिवशी तो म्हणाला, "मीच येतो चालत." वसंतात पुढे जे झालं ते कोर्टकचेरीचं आहे, तोवर काकूंच्या बाजूने बोलणारी माणसं खाली बरीच जमली होती, पण त्या सकाळी बाकावर त्यांच्या बाजूचं कुणीच नव्हतं, आणि वर एक माणूस बूट घालत होता. काकूंना खिडकी दिसत नव्हती. दार वाजलं की त्या विचारायच्या, "पडतंय का हो?" नर्स म्हणायची, नाही. खोकल्याचे पेशंट म्हणायचे, नाही. शिपाई म्हणाला, "काय पडायचंय?"

दुपार कलली तेव्हा दार उघडलं, कुणीतरी पाय आपटले आणि जोरात नाक शिंकरलं. धाकट्याने हात पुढे करून समोरची बाही चाचपली.

"आई, ओली आहे."

"पाऊस असेल."

"नाही. कुरकुरीत आहे."

"खिंडीकडे निघालो होतो," दुरुस्तीवाला गुरगुरला. "गाडी अर्ध्यातून वळवावी लागली. वरून कुणी उतरलेलं नाही, आणि आता मुंगीसुद्धा उतरायची नाही. आणि माझे गुडघे गेले ते गेलेच."

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, म्हणाल्या, चला, आता थेंबांची गरज नाही.

"उद्याचे तेवढे घालून ठेवा," काकू म्हणाल्या. "उद्या ऊन पडलं तर?"